बिब्ब्याचा डाग

मित्रांनो, आष्टी तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यातलं कातडी तपासायचं भिंग ते मी. माझ्या पोटात दिवा आहे. वय फार नाही, पण कपाटात पडून पडून म्हातारा झालोय आणि तोंडही कडू झालंय.

दुष्काळाच्या साली एका सहकारी साखर कारखान्यानं मला दवाखान्याला भेट दिलं. काय तो थाट! गावात टँकरचा पत्ता नव्हता, पण हार मात्र ताजे होते. डॉक्टर शिवशरण मला घेऊन दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बीडला गेले. तिथल्या मॅडमनी बजावलं, "आपल्याकडं कातडीचा कॅन्सर पुष्कळदा तळपायाला लपतो. काळा डाग दिसला की भिंगाखाली घ्या. लवकर सापडला तर माणूस वाचतो." मला लई भारी वाटलं. परत आल्यावर डॉक्टरांनी मला मखमली डबीत घालून कपाटाला कुलूप ठोकलं. महागाची वस्तू ना मी!

दसऱ्यानंतर भिवराबाई आली. बाहेर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक उभा होता. टाच पुढं करून म्हणाली, "कुरूप झालतं, डॉक्टर. बिब्बा लावलाय. लई दिस झाले, डागच जाईना."

आमच्याकडं कुरूप झालं की बिब्बा तापवून चटका देतात. कातडी काळी पडते, पण काही दिवसांनी खपली धरून तो काळेपणा निघून जातो. हिचा डाग बिब्ब्याच्या आधीपासूनचा होता. तेवढं कुणी विचारलंच नाही.

नर्स साखराबाई म्हणाल्या, "सर, भिंग काढू का?"

"राहू द्या. उद्या तपासणीला साहेब येणारेत, ओरखडा पडला तर मलाच बोलतील. बिब्ब्याचाच डाग आहे मावशी, मलम लावा."

अरे, मी दोन हातांवर होतो! मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

गुढीपाडव्याला ती ऊसतोडीहून परतली ती नवऱ्याच्या खांद्याला धरूनच. जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती. तेव्हा कुठं मला बाहेर काढलं. डॉक्टरांनी माझ्यातून डाग पाहिला. बीडच्या मॅडम म्हणाल्या होत्या तोच कॅन्सर, आता जांघेपर्यंत पसरलेला.

"आधी कावून न्हाई बघितलं, साहेब?" तिच्या नवऱ्यानं, आश्रुबानं, विचारलं. डॉक्टरांनी बीडच्या मोठ्या दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. आषाढात भिवराबाई गेली.

मित्रांनो, आम्हाला जपा असं सगळ्याच वस्तू विनवतात. मी म्हणतो, मला झिजवा. आणि आई रानातून आली की तिचे पाय धुवा, तळवे नीट बघा. काळा डाग दिसला तर डॉक्टरांसमोर हटून बसा, भिंग काढा म्हणावं. ते चिडले तर खुशाल चिडू द्या.