खांबामागचा भोवरा

पदवी मिळायच्या आधीच घरात सगळे त्याला डॉक्टर म्हणू लागले होते. शेजारणीनं तर एकदा आ करून दुखरा घसाच दाखवला. आपण घशाचे नाही, पाण्याचे डॉक्टर होणार, तेही संगणकातल्या पाण्याचे, हे सांगायचा त्याला धीर झाला नाही. मिठाच्या गुळण्या करा, म्हणाला. मिठाबद्दल निदान त्याला अधिकारानं बोलता येत होतं.

कारण त्याचं सगळं संशोधन मिठावरच चाललं होतं. संगणकात एक लांबट हौद, तळाला खारं जड पाणी, वर गोडं हलकं, आणि त्या वाहत्या पाण्याच्या वाटेत एक बुटका खांब. जड पाण्याला खांबावर चढायचं जिवावर येतं, म्हणून ते बाजूनं वळसा घालतं. एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं. याला मात्र खांबाच्या मागं एक भोवरा दिसला होता, जागचा न हलणारा, आजवर कुणीच न पाहिलेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यानं लगेच भोवऱ्याला बायकोचं नाव देऊन टाकलं.

"आता संपतच आलंय," असं त्यानं तिला लग्नाआधी सांगितलं होतं. तेव्हापासून ते संपतच आलेलं होतं. ती दवाखान्यात नोकरी करून घर चालवायची आणि हा हौदात मीठ कालवत बसायचा. भोवऱ्याला तिचं नाव दिलं की सगळी भरपाई झाली, असं त्याला मनापासून वाटत होतं. तिला काय वाटतं, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

आज दुपारी परीक्षकांसमोर काम मांडायचं होतं. बायकोनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. सभागृहातला पडदा चांगलाच रुंद, त्यावर आपलं चित्र आखूड दिसेल, म्हणून त्यानं आदल्या दिवशी हौद लांब केला आणि गणित पुन्हा चालवायला लावलं. सकाळी चहाचा कप घेऊन बघतो तर काय, खांब जिथल्या तिथं आणि भोवरा पार शेवटच्या भिंतीशी जाऊन बसलेला.

भिंत सरकली तसा भोवराही सरकला होता. म्हणजे तो खांबाचा नव्हताच. भिंतीवर आपटून परत येणाऱ्या लाटांचा होता. खऱ्या समुद्राला अशी भिंत नसते, म्हणून हौदाच्या टोकाला लाटा जिरवणारा एक पट्टा ठेवतात, त्याला स्पंजच म्हणतात. गणित लवकर उरकावं म्हणून त्यानं तो अगदी सुरुवातीलाच बंद केला होता आणि चालू करायला विसरला होता. घराबाहेर पडताना गॅस बंद केला का, हे दोनदा परत येऊन बघणारा माणूस हा.

त्याची पाचावर धारण बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची, जुनंच चित्र दाखवलं तर कुणाला कळणार होतं? पण त्या खोट्या भोवऱ्याला तिचं नाव होतं. ते लावून वर तिलाच पहिल्या रांगेत बसवायचं, हे काही त्याच्यानं होईना. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

सभागृहात त्यानं दोन्ही चित्रं एकापाठोपाठ दाखवली.

"भोवरा नाही," तो म्हणाला. "म्हणजे दिसतोय, पण तो माझ्या चुकीचा आहे."

त्याच्या मार्गदर्शक सरांनी चष्मा काढून पुसला. "स्पंज?"

"बंद होता, सर."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, सर."

एक परीक्षक बराच वेळ खोकत राहिले. मग निकाल आला. सगळं पुन्हा चालवा आणि झाल्यावर या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि याचा तर हात रुंद पडद्यावर दिसला होता.

बाहेर पायऱ्यांवर बायको थांबली होती.

"गेलं म्हणायचं माझं नाव," ती म्हणाली.

"गेलं. चुकलंच माझं. दुसरं काहीतरी सापडलं की त्याला..."

"भोवराबिवरा नको मला. द्यायचंच असेल तर खांबाला दे."

"खांबाला?"

"मग काय! इतकी वर्षं एका जागी उभी आहे मी. आणि समोरून यायचं तुझ्या जिवावर येतं, बाजूनं वळसा घालून जातोस. लांबतंय, असं एकदा तरी तोंडानं सांगितलंस? आज पहिल्यांदा सरळ बोललास, ते पण परक्यांसमोर."

तो एक पायरी उतरून तिच्यासमोर उभा राहिला.

"अजून किती?" तिनं विचारलं.

'संपतच आलंय' हे शब्द सवयीनं ओठावर आले होते. ते त्यानं गिळले.

"माहीत नाही," तो म्हणाला. "वर्षभर तरी. कदाचित जास्तच."

तिनं त्याच्या हातातली लॅपटॉपची बॅग घेतली आणि पायऱ्या उतरू लागली.

"हे आधीच सांगितलं असतंस," ती मागं न बघता म्हणाली, "तर भोवऱ्याची गरजच नव्हती रे."