उघडलंच आहे तर

"दिवा लागतोय का, एवढंच सांगा आधी," मुलगी फोनवर विचारत होती.

"लागतोय. म्हणजे लागतो आणि डोळा मारून जातो."

"मग राहू द्या, बाबा. तुम्ही खोलत बसू नका. मी रविवारी येतेच आहे, दुकानात दाखवू."

"दुकानात कशाला? माझ्या हातांना काय झालंय?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. मुलीचं 'खोलत बसू नका' त्यांच्या कानावर पडलं होतं, पण ते मनावर घेण्याची सवय त्यांना नव्हती.

त्यांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी आसपासचे लोक त्यांना अजून लिफ्टवालेच म्हणत. नोकरीतून निवृत्त होता येतं, नावातून होता येत नाही. आता मात्र त्यांच्यासमोर लिफ्ट नव्हती. टीव्हीखाली व्हिडिओ गेमचा एक जुना डबा बसला होता, मूळचा करडा, उन्हाने पिवळा पडलेला, वर कॅसेट खोचायची खाच असलेला.

हा डबा घेतला होता मुलीसाठी, ती शाळेत असताना. पुढे ती नोकरीला दूरच्या शहरात गेली आणि डबा माळ्यावर जायला निघाला, तेव्हा तो तिच्या आईने वाटेतच अडवला. आई हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काम करायची. घाबरलेले, रडवेले आवाज दिवसभर इकडून तिकडे जोडून द्यायचे, हे तिचं काम. निवृत्त झाली त्या दिवशी ती म्हणाली होती, "आता मला असं काहीतरी द्या, जिथे कोणी हॅलो म्हणत नाही."

ते तिला त्या डब्यात सापडलं. शेतीचा गेम होता. सुरुवातीला नुसता ओसाड तुकडा मिळायचा, दगडांनी आणि तणाने भरलेला. दुपारची कामं उरकली की ती जमिनीवर उशी टाकून बसायची आणि एकेक दगड उचलायची. वर्षं गेली. तुकड्याचं शेत झालं, शेताला कुंपण आलं, विहिरीपाशी फुलांचे वाफे आले. एक कुत्राही आला. त्याला तिने नवऱ्याचं नाव दिलं.

"कुत्र्याला माझं नाव?" लिफ्टवाल्यांनी विचारलं होतं.

"अहो, तोही दिवसभर काही ना काही उकरत बसतो."

रविवारी मुलीचा फोन आला की बागेच्या बातम्या सुरू व्हायच्या. भोपळे धरलेत. फुलं यंदा पिवळी लावलीत. तुझे बाबा कोंबडीच्या मागे धावून दमले, आता दारात झोपलेत. मुलगी पोट धरून हसायची. बाग तिने कधी पाहिली नव्हती. येणं व्हायचं ते घाईचं, आल्यावर बोलणं संपायचं नाही, आणि आई म्हणायची, "पुढच्या वेळी सावकाश दाखवते."

आई गेली ती अचानक. मुलगी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. रडून झाल्यावर तिने वडिलांकडे एकच गोष्ट मागितली होती, "मला आईची बाग बघायचीय. आत्ता नको, आत्ता मला झेपणार नाही. पण तो डबा सांभाळून ठेवा."

आणि आता ती बाग बघायला येणार, तर डबा डोळे मिचकावत होता.

लिफ्टवाल्यांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि हत्यारांची पेटी काढली. पहिली शंका अडॅप्टरवर. मीटर लावून पाहिलं तर वीज निम्मीशिम्मीच येत होती. आतला एक कपॅसिटर टम्म फुगला होता. तो बदलला. दिवा स्थिर झाला, पण पडदा काळाच. मग डबा उघडला. आत इतकी धूळ होती की त्यांना शिंक आली. ब्रशने ती काढली, भिंगातून एकेक जोड तपासला, आणि जिथे अडॅप्टरची पिन आत जाते तिथला जोड तडकलेला सापडला. वर्षानुवर्षं पिन काढून घालून तो सैल झाला होता. त्यांनी त्याला नव्याने सोल्डर केलं आणि तो थंड होईपर्यंत फुंकर घालत राहिले. लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी.

काम करताना त्यांना बरं वाटत होतं. बायको गेल्यापासून घरात त्यांच्या जोगतं काही मोडलंच नव्हतं.

कॅसेट खोचली, मुलीचा लहानपणीचा रिमोट जोडला, बटण दाबलं. पडदा उजळला. गाणं वाजलं, तेच, दुपारच्या झोपेत भिंतीपलीकडून ऐकू यायचं ते. आणि बाग आली. लिफ्टवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यांनी ताबडतोब मुलीला फोन लावला. "आलं गं, आलं! चित्र आलं!"

"खरंच? बाग आहे?"

"आहे म्हणजे काय, आहेच की! फक्त जरा आडव्या रेषा येताहेत. कॅसेटचे पाय मळले असणार. ते काय, चुटकीचं काम."

"बाबा, आता हात लावू नका हं. चालतंय तेवढं चालू दे."

"बरं बरं," ते म्हणाले. त्यांनी डबा बंद केला आणि पेटीतून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला.

इथे त्यांच्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. धंद्यात त्यांचा एक नियम होता, आणि तो ते पोरसवदा मेकॅनिकांना ओरडून सांगायचे: उघडलंच आहे तर जुनं ते बदलून टाका. पॅनेल एका कामासाठी उघडलं, तरी आतला जुनाट भाग दिसला की तो बंद पडायची वाट बघायची नाही. लिफ्टमध्ये माणसं उभी असतात. या नियमामुळे त्यांच्या हाताखालच्या एकाही लिफ्टने कधी कोणाला दगा दिला नाही, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता.

घरात मात्र या नियमाने बायकोला वात आणला होता. एकदा भिंतीवरच्या घड्याळाची काच बसवायला त्यांनी ते खाली उतरवलं. ते घड्याळ ठोके देण्याआधी जरासं घरघरायचं, घसा खाकरल्यासारखं. उघडलंच आहे तर, म्हणून त्यांनी घरघरही काढून टाकली. संध्याकाळी ठोके अगदी स्वच्छ पडले. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि घड्याळाकडे बघत राहिली.

"त्याचं ते खाकरणं मला आवडायचं हो," ती म्हणाली. "सोबत वाटायची."

"मग सांगायचं नाही का आधी?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

तेव्हा ते हसले होते.

कॅसेट खोलून तिचे पाय त्यांनी स्पिरिटने पुसून लख्ख केले. त्यांचं खरं काम तिथे संपलं होतं. पण आतल्या पट्टीवर एक गोल बटण-सेल सोल्डरने झाळलेला होता आणि त्याच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. लिफ्टवाले चुकचुकले. असा सेल पाझरला की अख्खी पट्टी खाऊन टाकतो. आत एखादं घड्याळबिड्याळ असेल, त्याच्यासाठी असणार. उघडलंच होतं. त्यांनी जुना सेल काढला, बुरशी पुसली, कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणून नीट झाळला आणि कॅसेटचे स्क्रू आवळले. इतकं सुबक काम त्यांच्या हातून कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

बटण दाबलं. रेषा नव्हत्या. गाणं वाजलं. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं, आणि त्यावर एकच ओळ होती: नवीन खेळ सुरू करा.

त्यांनी डबा बंद केला, पुन्हा लावला. कॅसेट काढली, पुन्हा खोचली. मग थांबून, हात पुसून, पुन्हा तेच केलं. शेवटी ते खुर्चीत बसले.

जुने गेम विकणारं एक दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. कॅसेट रुमालात गुंडाळून ते तिथे गेले. दुकानातल्या मुलीने ती लावून पाहिली आणि विचारलं, "काका, सेल बदललाय का कोणी यातला?"

"मी बदलला. का, उलटा बसलाय का?"

"नाही, बसवलाय मस्त. पण गेमची सगळी आठवण त्या सेलवरच असते. सेल निघाला की जे साठवलेलं असतं ते पुसलं जातं. आधी बाहेरून दुसरा सेल जोडून ठेवायचा, मग जुना काढायचा."

लिफ्टचा दोर बदलताना आधी केबिन वरून बांधून घ्यायची, तिचा भार दुसरीकडे द्यायचा, मगच जुन्या दोराला हात लावायचा. जन्मभर लिफ्टवाल्यांनी दुसरं केलं काय होतं? आधार दिल्याशिवाय त्यांनी कधी काही सोडवलं नव्हतं. आणि बायकोची बाग मात्र त्यांनी टांगलेली असतानाच सोडवली होती.

"परत येत नाही का काही करून?"

"नाही हो काका." दुकानातल्या मुलीचा आवाज उतरला. "पण खूप जुना सेल असणार तो. आज ना उद्या गेलाच असता तसाही."

दुसऱ्यांच्या लिफ्टमध्ये अडकून गुदमरलेल्या माणसांना बाहेर काढताना तेही असंच बोलायचे, काही झालं नाही, मोटर जुनी होती, कोणाचा दोष नाही. लोकांना बरं वाटावं म्हणून बोलायचं ते. त्यांनी मान हलवली, कॅसेट रुमालात गुंडाळली आणि घरी आले. त्या संध्याकाळी मुलीचा फोन वाजला तो त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला, आणि हवापाण्यावर बोलले.

रविवारी मुलगी आली. तिच्या हातात बॅग होती, पायांत बूट होते, तेवढ्यात त्यांनी सांगून टाकलं.

"तुझ्या आईची बाग गेली. माझ्या हातून गेली."

ती दारातच उभी राहिली. ते सगळं सांगत गेले, रेषा, स्पिरिट, सेल, दुकान. काही लपवलं नाही, स्वतःच्या बाजूने काही जोडलं नाही.

"मी म्हटलं होतं ना बाबा, हात लावू नका?"

"म्हटलं होतंस."

"दोनदा म्हटलं होतं!"

"हो."

ती बूट न काढताच आत गेली. मोरीतला नळ बराच वेळ वाहत होता. लिफ्टवाले टेबलापाशी उभे होते. बायको गेली तेव्हा लोकांनी धीर दिला होता, खांद्यावर हात ठेवले होते. आज कोणी ठेवणार नव्हतं आणि ठेवूही नये, असं त्यांना वाटलं.

मुलगी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. खुर्ची ओढून ती बसली.

"तुम्ही तरी बघितलीत ना? चित्र आलं तेव्हा?"

"बघितली."

"मग सांगा. कशी होती?"

लिफ्टवाल्यांनी तोंड उघडलं. अख्ख्या इमारतीच्या वायरिंगचा नकाशा ते डोळे मिटून काढायचे. पण डोळ्यांपुढे येत होत्या त्या आडव्या रेषा. किती जाड, कुठून सुरू होणाऱ्या, कशा थरथरणाऱ्या, हे सगळं त्यांना आठवत होतं. वाफे कुठे होते, भोपळे होते की काढून झाले होते, फुलं पिवळीच होती का? बाग समोर आली होती आणि त्यांनी फक्त बिघाड पाहिला होता.

"मी नीट नाही गं बघितली," ते म्हणाले. "मी रेषाच बघत बसलो. कुत्रा आठवतो. दारात झोपला होता. बाकी काही सांगता येत नाही मला."

मुलगी रडली, तेही रडले. आई गेल्यावर दोघं एकत्र असे रडले नव्हते; तेव्हा माणसं फार होती.

बऱ्याच वेळाने ती उठली आणि आईचं कपाट उघडलं. शेवटच्या दिवसापर्यंत आईच्या खांद्याला असायची ती कापडी पिशवी तिने काढली. आत रुमालात गुंडाळलेला एक रिमोट होता. आईचा. डब्याच्या दुरुस्तीत लिफ्टवाल्यांना तो मिळालाच नव्हता. म्हणूनच तसाच राहिला होता. कडेला चहाचा डाग, मधल्या बटणावरचं अक्षर झिजून गेलेलं.

मुलीने तो डब्याला जोडला आणि पडद्यासमोर जमिनीवर बसली.

"काय करतेस?"

"आईने सुरुवात कुठून केली ते तरी बघते." तिने बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. "हे चिकटतंय, बाबा. खाली जातं ते वर येतच नाही. खोलावं लागेल."

लिफ्टवाले तिच्याशेजारी बसले. गुडघे वाजले. रिमोट हातात घेताना त्यांचा उजवा हात आपसूक खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला. बटणावर त्यांचा अंगठा टेकला आणि तिथे त्यांना एक खळगा लागला, बारीकसा, मधोमध नव्हे तर एका बाजूला. चहा सांडला तेव्हापासून ती ते बटण तिरकं दाबायची. किती वेळा ते म्हणाले होते, आण इकडे, साफ करून देतो. आणि किती वेळा ती म्हणाली होती, नको, मला जमतं.

त्यांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला.

"असू दे," ते म्हणाले. "बाजूने दाबायचं. हे असं. मग येतं वर."

मुलीने रिमोट परत घेतला आणि अंगठा कडेला सरकवून तो खळग्यात बसवला. पडद्यावर तणाने भरलेला ओसाड तुकडा होता. तिने बटण तिरकं दाबलं आणि पहिला दगड उचलून बाजूला ठेवला. लिफ्टवाले या वेळी नीट बघत होते.