लपलेल्या माणसांचं पुस्तक, तिसऱ्यांदा

बारामतीहून इंदापूरला जाऊन यायचं, दोन्ही वेळा एसटीचं तिकीट काढायचं नाही आणि घरी येऊन वर हसत सांगायचं, ही आमच्या सूनबाईंची नवी थेरं. माझ्या, मुक्ताबाईच्या घरात फुकटेपणा कुणी केला नाही.

"कंडक्टरनं मागितलंच न्हाय, आत्याबाई. शेजारणीला दिलं, मागच्याला दिलं. माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाय."

"हात पुढं करायचास की!"

"केला."

कचेरीतही तेच. दाखल्यासाठी दिवसभर रांगेत उभी. पुढचा गेला, मागचा गेला, साहेबानं खिडकी लावून घेतली.

मी चष्मा चढवला आणि पुस्तक घेऊन पायरीवर बसले. शाळा दुसरीतच सुटली, बोट ठेवून वाचते. एक पुस्तक वर्षभर पुरतं. हे तिसऱ्यांदा चाललं होतं. पुण्याच्या पेठांत, भर गर्दीत, जादू येणारी माणसं लपून राहतात. त्यांचा बाजार वेगळा, पंचायत वेगळी. वर एक म्हातारी, तिच्यापुढं सगळी चळाचळा कापतात. मला ती बाई फार आवडते.

ती कुणाला पळवत नाही. नुसती वाट बघते. बाईचं माहेरचं नाव सासरी कुणाच्याच तोंडी उरलं नाही, की ती हळूहळू दिसेनाशी होते. आधी परक्यांना, मग घरच्यांना. मग लपलेली माणसं दारात येऊन तिला बोलावतात. आधी दोन्ही खेपेला ह्या पानावर मी म्हणाले होते, काय डोकं चालवलंय! आज बोट तिथंच थांबलं.

बारा वर्षांपूर्वी, लग्नात, तांदळाच्या ताटात अंगठीनं 'स्वरूपा' लिहायला मीच लावलं. माहेरचं नाव मला गावंढळ वाटलं. तिचा बाप चुकून ते बोलला, तर त्याला भर मांडवात गप्प केलं. बाप आता नाही.

पुस्तक मिटून मी आत जाऊन बसले. नात ताटं मांडत होती.

"प्रतीक्षा, तीनच गं?"

"तीनच माणसं की आपण, आजी. तू, पप्पा आन मी."

तिची आई दोन हातांवर भाकरी थापत होती. माझा कुंडलिक तिच्या शेजारचा तांब्या उचलून म्हणाला, "आई, आज भाकरी तू केलीस व्हय?"

सूनबाईनं हात धुतले, पदर सारखा केला आणि दाराकडं निघाली.

"कुठं निघालीस?"

"बायका आल्यात, आत्याबाई. लई चांगल्या हायत. माझ्याकडं बघून बोलत्यात."

अंगणात कुणी नव्हतं. तरी कुत्रं उठून, शेपूट पोटात घालून, मागं मागं सरकत होतं. आणि तिच्या पाठीतनं मला दाराची कडी दिसली.

माझं चुकलं, हे माझ्या तोंडून सबंध आळीत कुणी ऐकलेलं नाही. मी उठले.

"सारजे! हो, तुलाच म्हणते, सारजे, मागं वळ. चूक तुझी न्हाय, माझी हाय, आन हे मी एकदाच सांगणार. त्या बायांना सांग, सारजा ह्या घरची हाय, आन तिच्या सासूनं तिला सोडलेली न्हाय."