चुकलं साहेब

ऋताला दुभाषी व्हायचं होतं, आणि घरात कुणालाच ते पटलेलं नव्हतं. तिचे बाबा, प्रभाकर, चिंचवडच्या कारखान्यात तीस वर्षं मशीन डिझाइन केलेला माणूस. इंजिनिअरिंगची डिग्री घ्यायची आणि दुसऱ्याची वाक्यं इकडून तिकडं पोचवायची, ही कसली पोपटपंची, असं त्यांचं म्हणणं. ऋता हट्टाला पेटली आणि जपानी शिकली. महाळुंग्याच्या ज्या कंपनीत ती क्वालिटीला होती तिथली दुभाषी सोडून गेली, तेव्हा तिथल्या जपानी साहेबांनी, इकेदासाननी, तिला विचारलं. सोमवारच्या चौकशीला बस, जमलं तर जागा तुझी.

चौकशी होती कुलदीपची. लातूरकडचा कंत्राटी कामगार. प्रेस मशीनखाली त्याची दोन बोटं चेचली होती. चूक मशीनची की त्याची, एवढंच ठरायचं होतं, आणि त्याची ठरली तर त्याला काढणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कुलदीप उभा राहिला, बँडेजचा हात छातीशी धरला आणि म्हणाला, "चुकलं साहेब."

आता हे काय कुणाला समजावून सांगायला हवं? मोठ्या माणसापुढं तोंड उघडायचं म्हणजे आपला माणूस आधी 'चुकलं' म्हणतो. त्यात कबुली नसते, नुसती अदब असते. ऋताला हे लहानपणापासून माहीत. पण अक्कल कुठं शेण खायला गेली होती कोण जाणे! तिनं झटक्यात, अस्खलित जपानीत सांगून टाकलं की चूक माझीच होती, असं हा म्हणतोय.

इकेदासाननी ते लिहून घेतलं. मग कुठं कुलदीप मुद्द्याचं बोलला. मशीनचं दार उघडं असलं तरी प्रेस खाली येतोय, हे तो तीन दिवस सुपरवायझरला सांगत होता. ऋतानं तेही सांगितलं, पण साहेबांनी ते सबब ऐकावी तसं ऐकलं. आपण काय करून बसलो ते तिला कळलं. पहिलं वाक्य मी चुकीचं सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. पण पहिल्याच दिवशी? मग बाबांना काय तोंड दाखवणार? ती गप्प बसली. वर साहेब म्हणाले, तुझं जपानी सुरेख आहे, आणि ही बया कमरेत वाकून आभार मानून मोकळी झाली.

दुपारी कुलदीपला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नको. पाच वाजता ऋता कंपनीच्या बसकडं निघाली तर तो दोन मित्रांबरोबर गेटवर उभा. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, लई उपकार झाले," तो म्हणाला. "आजवर आमचं कुणी धड ऐकलं नव्हतं. तुम्ही शब्दन् शब्द साहेबापर्यंत पोचवलात. नोकरी गेली ते आमचं नशीब."

ऋताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाजेनं तिचे कान तापले. त्याच्याकडं बघवेना आणि बसमध्येही चढवेना. ती तशीच माघारी फिरली, साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि त्या एका शब्दाचा खरा अर्थ सांगितला.

हे तुझ्या केव्हा लक्षात आलं, त्यांनी विचारलं.

"लगेच," ती म्हणाली. "पण मला ही जागा हवी होती."

इकेदासान चिडले नाहीत. त्यांनी कुलदीपला काढायचं थांबवलं, परवा पुन्हा चौकशी ठेवली आणि पुण्याहून दुसरा दुभाषी बोलवायला सांगितलं. तिनं बसायची गरज नव्हती.

गेटवर तिघं अजून बोलत उभेच होते. साहेब काय म्हणाले, कुलदीपनं विचारलं. या वेळी तिनं काहीही गाळलं नाही.

"तुम्हाला काढलेलं नाही. परवा तुमचं पुन्हा ऐकणार आहेत, दुसरा दुभाषी आणून. सकाळी तुमचं बोलणं मी उलटं सांगितलं. कळूनही गप्प बसले."

मित्रांनी माना दुसरीकडं वळवल्या. कुलदीप मात्र तिच्याकडंच बघत राहिला.

"आणि मी दुपारपासून सगळ्यांना तुमचंच नाव सांगत होतो," तो म्हणाला.