श्रीकृष्णरावांचा दुसरा वाढदिवस

श्रीकृष्णरावांचे वाढदिवस वर्षातून दोन. पहिला आईनं दिलेला, तो कुणाच्या लक्षात असो नसो. दुसरा बायकोनं दिलेला, आणि त्या दिवशी दांडिया बाजारातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नसे. काही वर्षांपूर्वी ह्याच तारखेला सुहासिनीबाईंची एक किडनी काढून त्यांना बसवली होती. तेव्हापासून दरवर्षी श्रीखंड-पुरी, पाटाभोवती रांगोळी, आणि सुहासिनीबाईंनी नवऱ्याला ओवाळायचं. ऑपरेशन त्या दिवशी दोघांचं झालं होतं, पण पाट एकच मांडला जाई.

द्याल का, असं बाईंना तेव्हा कुणी विचारलंही नव्हतं. दोन दीर चांगले धडधाकट होते, पण त्यांनी "वहिनी आहेत ना" म्हटलं आणि विषय मिटला. बाईंची तक्रार नव्हती. माणूस वाचला, ह्यातच त्यांना सगळं आलं.

श्रीकृष्णरावांनी मात्र ह्या गोष्टीचं कीर्तन केलं. कोयलीच्या रिफायनरीतले जुने सोबती येवोत, जिन्यातला गुजराती शेजारी येवो, ते मांडीवर थाप मारून सांगत, "एक किडनी पर माणस घोडा जेवो दोडे! आ जुओ, अमारी सुहास!" मग घोड्यानं उठून सगळ्यांसाठी चहा टाकायचा.

ह्या वर्षी घोड्याचं कशातच लक्ष नव्हतं. लेक श्रद्धा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. डायलिसिसच्या सुयांनी टणक झालेला हात तिनं ओढणीखाली झाकला होता, आणि वाटीतलं पाणी ती ओठ भिजवण्यापुरतं घेत होती. पाणी तिला मोजून होतं. समोर बाबा तांब्यानं पाणी पीत होते. नवीन किडनीवाल्यानं भरपूर पाणी प्यावं, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, आणि डॉक्टरांचा शब्द ते कधी खाली पडू देत नसत.

श्रद्धाच्या किडन्या गेल्या त्या बाळंतपणात. सातव्या महिन्यात पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. सासू म्हणाली, बायकांचे पाय सुजतातच. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, हल्लीच्या मुलींना सहनच होत नाही. खरं सांगायचं तर सुहासिनीबाईही तेच म्हणाल्या होत्या, आणि ते आठवलं की त्यांना अन्न गोड लागत नसे. ब्लडप्रेशर कुणी मोजलं, तोवर मूलही गेलं होतं आणि किडन्याही. सासरच्यांनी बापाच्या आजाराकडे बोट दाखवलं आणि माहेरचं दुखणं माहेरीच निस्तरा म्हणून हात झटकले. जावई केयूर मूग गिळून बसला. त्याला तपासून घ्यायला कुणी सांगितलं नाही, आणि तोही होऊन पुढे आला नाही.

आपली देता येईल का, असं सुहासिनीबाईंनी डॉक्टरांना विचारून पाहिलं होतं. डॉक्टर हसून म्हणाले, "बेन, तमारी पासे तो एकज छे."

उरला श्रद्धाचा मोठा भाऊ निहार. तो गावातच, समा भागात राहायचा, भला मुलगा होता. सगळ्या तपासण्या त्यानं बायकोला अर्धवट सांगून उरकल्या होत्या. शेवटचा रिपोर्ट आज हातात येणार होता. त्या रिपोर्टावर श्रद्धाचा जीव होता, आणि सुहासिनीबाई सकाळपासून दाराची बेल वाजण्याची वाट बघत पुऱ्या लाटत होत्या.

निहार आला तेव्हा निरांजन लावून झालं होतं. श्रीकृष्णराव पाटावर बसले होते, समोर बाई तबक घेऊन उभ्या. त्यानं चपलाही काढल्या नाहीत.

"जुळली," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, माझी चालेल."

श्रद्धानं भावाकडे पाहिलं आणि ओढणीत तोंड लपवून ती रडायला लागली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणाला आनंदानं रडू आलं होतं.

पण मोठ्या जाऊबाई, कुसुमावतीकाकू, पुरीचा तुकडा हातात धरून थांबल्या. "अरे, पण तुझी नोकरी? दोन पोरं पदरात आहेत तुझ्या."

"महिन्याभरात कामावर जाता येतं, काकू."

"डॉक्टरांना काय जातंय सांगायला!"

निहारनं वडिलांकडे पाहिलं. सुहासिनीबाईंनीही पाहिलं. आता हे मांडीवर थाप मारतील, अशी त्यांची खात्री होती. जगात कुणाला बोलायचा अधिकार असेल, तर तो ह्या माणसाला.

श्रीकृष्णरावांनी तांब्या खाली ठेवला. "काकू म्हणतात ते खोटं नाही. घाई करू नकोस. एका किडनीवर जन्म काढायचा म्हणजे चेष्टा आहे का?"

"बाबा, तुम्हीच तर सांगता..."

"आईचं वेगळं. ती घरात असते. तू कमावता पुरुष आहेस, उद्या काही झालं तर? आणि श्रद्धाचं चाललंय ना डायलिसिसवर. शांतपणे बघू."

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पण त्या खोलीत कुणाला काही वावगं वाटलं नाही. दोन-तीन माना हलल्या. निहारच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि त्याला त्याची लाजही वाटली. तो चपला काढायला दाराशी वळला तो बराच वेळ तिथेच खाली वाकून राहिला. श्रद्धाचं रडणं थांबलं होतं. तिनं डोळे पुसले आणि वाटीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

सुहासिनीबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. इतक्या वर्षांत त्या चारचौघांत नवऱ्याला उलटून बोलल्या नव्हत्या.

"मग माझी मला परत द्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझी किडनी. घरात असणाऱ्या बाईची. तिला देते."

मग काकू फिस्सकन हसल्या, त्यांच्यामागून सगळे. "वा, सुहास! चांगली थट्टा केलीस!" काकू म्हणाल्या. श्रीकृष्णरावही हसले, मोठ्यानं, मान मागे टाकून.

पण हसता हसता त्यांचा हात पोटाकडे गेला. उजव्या बाजूला, खाली, जिथे ती बसवली होती तिथे, सदऱ्यावरून त्यांनी तळवा गच्च दाबून धरला. पाकीटमारांच्या गर्दीत माणूस खिसा धरतो तसा. बाकी कुणी पाहिलं नाही. बाईंनी पाहिलं, आणि आता काही मागण्यात अर्थ नाही हे त्यांना कळलं.

श्रद्धा उठली. पिशवीत शाल आणि डबा घातला.

"आई, ओवाळून घे ना. निरांजनातलं तूप संपत आलंय. मला डायलिसिसला उशीर होतोय."

"मी सोडतो गाडीनं," निहार दारातून म्हणाला.

"नको, दादा. रिक्षा मिळते."

ती गेली. जिन्यातली तिची पावलं थांबत थांबत उतरत होती, आणि ती ऐकू येईनाशी होईपर्यंत सुहासिनीबाई तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टेकवल्या आणि ओवाळलं. तबक चेहऱ्यासमोरून फिरलं तेव्हा श्रीकृष्णरावांनी रिवाजाप्रमाणे डोळे मिटून मान लववली. पोटावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.