मुदत उलटलेला माणूस

माझ्या सासऱ्यांना डॉक्टरांनी एक वर्ष दिलं होतं, आणि त्याला आता सव्वादोन वर्षं होऊन गेली होती. घरात हे कोणी बोलून दाखवत नसे. पण अण्णा सकाळी चहाला येऊन बसले की आम्हा सगळ्यांच्या मनात एकच यायचं, की हे अजून आहेत. त्यांच्या मनातही तेच येत असावं, कारण कप उचलताना ते ओशाळल्यासारखे दिसायचे.

अण्णा तीस वर्षं जहाजदुरुस्तीच्या गोदीत लॅगर होते. वाफेचे नळ गार पडू नयेत म्हणून त्यांच्यावर अ‍ॅसबेस्टॉसचा लगदा थापायचा आणि वरून कापड गुंडाळायचं, हे त्यांचं काम. या वेष्टनाला लॅगिंग म्हणतात. लगदा बादलीत हातांनी कालवायचा. कोरडी भुकटी पोत्यातून ओतताना इतकी उडायची की शेजारचा माणूस दिसेनासा व्हायचा. जेवणाच्या सुट्टीत ही थोराड मंडळी त्याच लगद्याचे गोळे करून एकमेकांना मारत, आणि आपला नेम सगळ्यांत चांगला होता हे अण्णा अजूनही अभिमानाने सांगायचे. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांना कोरडा खोकला सुरू झाला. एका दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढला, त्यात दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसले. तिथल्या डॉक्टरांनी गोदीचं काम ऐकलं, डागांकडे बघितलं आणि अण्णांचा हात हातात घेतला. कॅन्सर म्हणाले, एक वर्ष म्हणाले. पण सासूबाईंनी त्या हात धरण्यावरूनच काय ते ओळखलं होतं. तुकडा काढून तपासायला अण्णांनी साफ नकार दिला. कळलं तेवढं पुष्कळ झालं म्हणाले.

मग त्यांनी मरायची तयारी सुरू केली. अण्णा कुठलंच काम अर्धवट ठेवत नाहीत. हिवाळ्याचा कोट इमारतीच्या रखवालदाराला दिला, रेडिओ शेजारच्या काकूंना, थाप्या आणि कात्र्यांची पेटी कामगार शाळेला. सायकल मामांना देऊन टाकली. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. अण्णांचा आणि मामांचा सव्वीस वर्षांचा अबोला होता, तोही सायकलीबरोबर निकालात काढला. शेवटी एका संध्याकाळी सासूबाईंना समोर बसवून त्यांनी कबुली दिली. सासूबाईंच्या वडिलांचं टोल्यांचं घड्याळ चोरीला गेलंच नव्हतं. ते दर पंधरा मिनिटांनी वाजायचं, म्हणून अण्णांनीच ते उचलून भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवलं होतं. चोर आला असं वाटावं म्हणून खिडकीची कडीही स्वतःच वाकवली होती. सासूबाई पदराने डोळे टिपून म्हणाल्या, जाऊ दे, माफ केलं.

वर्ष सरलं. अण्णा काही गेले नाहीत. रखवालदार कोट घालून समोर आला की दोघंही एकदम आकाशाकडे बघू लागत. मामा सायकलला नवी सीट बसवायच्या आधी सहज आल्यासारखे प्रकृती विचारून गेले. शेजारच्या काकू रेडिओ हळू लावायच्या. आपण सगळ्यांना फसवलं असं लोकांना वाटेल, अशी अण्णांना धास्ती. कोणी भेटायला आलं की ते खोकू लागायचे, आणि माणूस जिना उतरला की खोकला थांबायचा. जेवण मात्र खरंच सुटलं होतं. दोन घास खाऊन ताट सरकवायचे.

अशात एक पत्र आलं. अ‍ॅसबेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्यांच्या फुप्फुसांवर एक संशोधन सुरू होतं, आणि गोदीतल्या जुन्या कामगारांना तपासणीला बोलावलं होतं. अण्णा म्हणाले, आता मला तपासून काय मिळणार. मी म्हटलं, तुम्हाला नाही, त्यांना मिळणार. लोक मेल्यावर देह दान करतात, तुम्ही थोडं आधी करा. हे त्यांना एकदम पटलं. मरायच्या तयारीतलं एक काम राहून गेलं होतं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी दाढी करून तयार.

तिथे त्यांना नाकाला चिमटा लावून एका नळीत जीव खाऊन फुंकायला लावलं. मग छातीचा स्कॅन काढला, जुना एक्स-रे मागून घेतला आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. पंधरा दिवसांनी आम्ही गेलो तर तिथल्या डॉक्टरीणबाई स्वतः दारात उभ्या होत्या. पस्तिशीच्या असतील, केसांत पेन्सिल खोचलेली. नाव न बघता दोन डॉक्टरांनी वेगवेगळं बसून सगळे स्कॅन वाचले होते, असं त्यांनी आधी सांगितलं. मग विचारलं, "काका, तुम्हाला पूर्वी नेमकं काय सांगितलं होतं?"

अण्णांनी सांगितलं. हात धरल्याचंही सांगितलं.

बाईंनी स्कॅन उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेन्सिल केसांतून काढली. "हे बघा. हा नळ आहे असं समजा. फुप्फुस म्हणजे नळ. त्याच्याभोवती एक पातळ अस्तर असतं, ते तुमचं लॅगिंग. डाग आहेत ते लॅगिंगवर आहेत. नळ ठणठणीत आहे."

अण्णा पाटीच्या इतके जवळ गेले की त्यांचं नाक टेकलं. तीस वर्षं नळ बघितलेला माणूस. त्यांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

डाग त्या धुळीचेच व्रण होते. त्यांचा पुढे कॅन्सर होत नाही, असं बाईंनी समजावलं. धूळ छातीत गेली आहे हे खरं, म्हणून विडी ओढायची नाही आणि दर वर्षी दाखवायला यायचं. पण आज आजार नाही. खोकला पित्ताचा होता आणि वजन न जेवल्यामुळे घटलं होतं. फुंकण्याचा आकडा तर त्यांच्या वयाच्या मानाने शंभरात शहाण्णव आला होता.

"म्हणजे मी कधी मरणार?" अण्णांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही, काका. माझं मला तरी कुठे माहीत आहे."

बाहेर आल्यावर अण्णा बाकावर बसले आणि त्यांना हसू फुटलं. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. समोरची नर्स पाणी घेऊन आली तर तिलाच हसवलं. मग उठून म्हणाले, मी जरा जिना चढून बघतो. चार मजले चढून गेले, उतरून आले, आणि मी काही म्हणायच्या आत परत चढले. दोन वर्षं हा माणूस लिफ्टशिवाय हलला नव्हता. उपाहारगृहात तीन माणसांचं जेवले. बसमध्ये कंडक्टरला तिकीट मागायच्या आधी सांगितलं की माझा नळ ठणठणीत आहे. कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, कारण मलाही हसू आवरत नव्हतं.

सासूबाईंनी ऐकलं आणि त्या मटकन खाली बसल्या. रडल्या, हसल्या, हातातल्या फडक्याने अण्णांच्या पाठीवर दोन फटके दिले, पुन्हा रडल्या. सगळी संध्याकाळ घर नुसतं खिदळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या चहा घेऊन आल्या, कप ठेवला आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

"घड्याळाचं काय?"

"तू माफ केलं होतंस," अण्णा म्हणाले.

"मरणाऱ्या माणसाला केलं होतं. जगणाऱ्याचं वेगळं."

तीन दिवस खटला चालला. अण्णांनी दंड विचारला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, दोन वर्षं मी तुमच्या उशाशी बसून काढली, आता मला त्या मैदानातल्या मोठ्या पाळण्यात बसायचं आहे. आकाशपाळण्यात. अण्णांना उंचीची भीती हे सगळ्या घराला ठाऊक. पण गेले बिचारे. मी खालून बघत होते. पाळणा वर थांबला तेव्हा सासूबाई दोन्ही हात सोडून बसल्या होत्या, आणि अण्णा डोळे मिटून दांडीला मिठी मारून होते. खाली आल्यावर मात्र म्हणाले, आणखी एक फेरी मारू.

रेडिओ आणि कोट त्यांनी परत मागितला नाही. सायकल मागितली. मामा म्हणाले, दिलेली वस्तू परत मागायला लाज वाटत नाही का. अण्णांनी जागच्या जागी अबोला पुन्हा सुरू केला. आता दोघं तो रोज संध्याकाळी बाकावर शेजारी बसून पाळतात, आणि निरोप माझ्यामार्फत देतात.

एका घरी मात्र जायचं राहिलं होतं. बॉयलरकाका गोदीत बॉयलर सांभाळायचे. अण्णांचे सगळ्यांत जुने दोस्त. त्यांचं फुप्फुस त्या धुळीने खरंच आखडून गेलं होतं. घरात यंत्र, नाकात प्राणवायूची नळी, आणि एका दमात तीन शब्द, त्यापलीकडे नाही. दोघांनी मिळून वर जायचं ठरवलं होतं, आणि आधी कोण जाणार यावर त्यांची पैज होती. अण्णा आठ दिवस टाळत राहिले. रोज चपला घालायचे आणि रोज काढायचे. शेवटी मला म्हणाले, तू चल बरोबर.

तिथे गेल्यावर ते आधी हवेबद्दल बोलले, मग पंख्याबद्दल. काका नुसते बघत होते. अण्णांनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं, चोरी कबूल केल्यासारखं. मला कॅन्सर नाहीच, म्हणाले. कधी नव्हताच.

मग काकांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते. आवाज नाही, नुसतं पोट, आणि यंत्र कुरकुरायला लागलं तसं त्यांची बायको, म्हणजे काकू, धावत आल्या. काकांनी हातानेच त्यांना थांबवलं. दम जमवून म्हणाले, "पैज हरलास, लेका."

अण्णांनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. काकांनी ते थोपटलं आणि विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?"

बाकीचे, म्हणजे त्यांच्या खात्यातली माणसं. हयात असलेले एक्केचाळीस. पत्रं सगळ्यांना गेली होती, पण तपासणीला सहाच जण आले होते. उरलेल्यांना भीती वाटत होती की आपलाही हात कोणीतरी धरेल. काकांनी एकेक नाव सांगितलं, मधे थांबत, आणि मी लिहून घेतलं.

अण्णा दुसऱ्या दिवसापासून दारोदार जायला लागले. त्यांना दारात बघून एक जण किंचाळलाच, कारण त्याने वर्षभरापूर्वीच त्यांच्यासाठी दुखवटा पाळला होता. अण्णा सांगायचे, मी सव्वादोन वर्षं उगाच मेलो, तुम्ही मरू नका, आधी तपासून घ्या. महिन्याभरात तेहतीस जण तपासून झाले. सगळ्यांचं निभावलं असं नाही. चौघांची फुप्फुसं आखडायला लागली होती, त्यांचे उपचार सुरू झाले. एकाच्या छातीत गाठ निघाली. ती वेळेत सापडली असं बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी अण्णा त्याच्या घरी बसून राहिले.

पण तपासणीचा शेवटचा दिवस मी विसरणार नाही. फुंकणाऱ्याला जोर देण्यासाठी तिथे एक मुलगी ओरडायची, तिचा घसा बसला होता. काकू चाकाच्या खुर्चीतून बॉयलरकाकांना घेऊन आल्या होत्या. त्यांची तपासणी झाली, आकडा सांगायला नको इतका कमी आला. मग त्यांनी खुर्ची यंत्राशेजारी लावून घेतली. मोठं वाक्य त्यांच्याच्याने होत नव्हतं, पण या कामाला एक शब्द पुरत होता.

"फुंक," ते म्हणाले. समोरचा म्हातारा गाल फुगवून फुंकायला लागला. "फुंक. फुंक. फुंक."

तो म्हातारा लालबुंद होऊन, डोकं गरगरून शेजारच्याच्या अंगावर कलंडला. दोघंही हसत सुटले, मग रांगच हसायला लागली. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की हसताना फुंकलं तर आकडा धरता येत नाही, आणि सांगता सांगता त्यांनाही हसू आलं. पेन्सिल खाली पडली ती कोणीच उचलली नाही. अण्णा पुढच्या माणसाला हाताला धरून यंत्राकडे घेऊन निघाले होते.