चन्नबसप्पांचं टमरेल

मुरुडच्या बाजारात चन्नबसप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. सकाळी घरातून दुकानात यायचं म्हणजे एक पडदा बाजूला सारायचा, तेवढाच काय तो त्यांचा व्यायाम. एकदा गादीवर लोडाला टेकले की दिवेलागणीपर्यंत मोजायचं, कात्रीनं जरा चीर द्यायची आणि कापड टर्रकन फाडायचं, सगळं बसल्या जागी. गिऱ्हाइकानं वरच्या फळीवरचं काही मागितलं, तर खालच्या फळीवरचं कसं झकास आहे हे ते इतक्या गोडीनं सांगत की गिऱ्हाईक खालचंच घेऊन जाई. वरच्या फळीवरच्या ताग्यांनी कित्येक वर्षांत उजेड पाहिला नव्हता.

याच गादीवर त्यांचे वडील गेले आणि गेल्या साली थोरले भाऊ सिद्रामप्पाही गेले. लोडाला टेकले ते टेकलेच. गिऱ्हाइकाला वाटलं, मालकांना डुलकी लागली. ते बिचारं खण हातात धरून कितीतरी वेळ वाट बघत बसलं होतं. तेव्हापासून छातीत जरा कुठं कळ आली की चन्नबसप्पांना वाटे, आता आपला नंबर. वाटे, पण बोलून दाखवत नसत. त्यांची बायको नीलम्मा हीही बोलणाऱ्यातली नव्हती. तिनं एक दिवस त्यांना सरळ एसटीत बसवलं आणि लातूरला नेलं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. जिकडेतिकडे नव्या कचेऱ्यांच्या ओल्या रंगाच्या पाट्या होत्या. पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यातच राहिलं असावं, कारण सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. डॉक्टरांनी नळी लावली, कार्डिओग्राम काढला आणि म्हणाले, "हृदय अजून चांगलं आहे. पण त्याला कामच नाही. रोज अर्धा तास झपाझप चाला. आठवड्यातून पाच दिवस तरी चाललंच पाहिजे. आणि मध्ये थांबायचं नाही."

"झपाझप म्हंजे किती, साहेब?"

"चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये."

"अन् गोळी?"

"हीच गोळी."

दुसऱ्या दिवशी पहाटे चन्नबसप्पा रिकाम्या हातानं निघाले आणि पहिल्याच वळणावर अडकले. मुरुडात माणूस रिकाम्या हातानं चालला असेल तर तो कुणाच्या तरी घरीच चालला असणार, अशी सगळ्यांची खात्री. पिठाच्या गिरणीवाला भुजंग दात घासता घासता ओरडला, "अप्पा, पैदल? या, या, बसा!" नाही म्हणावं तर माणूस दुखावतो, आणि कापडवाल्यानं माणूस दुखवून कसं चालेल? बसले. चहा आला. गिरणीवाल्याकडून उठले तर पुढं सोनार दारात उभाच. तिथं चहाबरोबर शंकरपाळ्या. वेशीपर्यंत पोचेतो दुकान उघडायची वेळ झाली.

महिन्यानं ते लातूरला गेले तेव्हा डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघितलं, मग चन्नबसप्पांकडे, मग पुन्हा काट्याकडे. चालून वजन वाढलेला अख्ख्या नव्या जिल्ह्यातला हा पहिलाच पेशंट असावा.

खरं सांगून टाकायची सोय नव्हती. हृदयाचं निघालं की जो तो बसवून घेणार आणि सिद्रामप्पांचं मरण पहिल्यापासून ऐकवणार. चन्नबसप्पांना तेच नको होतं. ते मरण त्यांना पाठ होतं.

उपाय सापडला तो भुजंगाकडे बघून. एका पहाटे हातात टमरेल घेऊन भुजंग शेताकडे निघाला होता. ओट्यावर चार माणसं बसली होती, पण एकानंही रामराम केला नाही, की कुठवर म्हणून विचारलं नाही. भुजंग सगळ्यांच्या मधून सुसाट निघून गेला. चन्नबसप्पांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टमरेल हातात असलेल्या माणसाला आपल्याकडे सावकार अडवत नाही, की व्याही.

नीलम्मानं टमरेल गच्च भरून दिलं.

"रिकामंच दे की. हापशावर केवढी लाईन असती!"

"रिकामं लांबून कळतं. हात हलका हालतो," ती म्हणाली. नीलम्मा संसारात उगाच बोलत नसे, आणि बोलली की चुकत नसे.

मग काय विचारता! चन्नबसप्पा सुटले. वेस मागं पडली, लातूरचा रस्ता लागला. मधूनमधून ते "शिव शिव शंभो" असा सूर लावून बघत. सूर लागला की पाय उचलत, फाटला की समाधानानं मान डोलावत. प्रश्न एकच उरला, टमरेलातल्या पाण्याचा. शेताकडं गेलेलं पाणी कुणी घरात परत आणत नाही, आणि दुष्काळात ते मातीत ओतायला हात होईना. नवा जिल्हा झाला तेव्हा रस्त्याच्या कडेनं साहेबलोकांनी झाडं लावली होती. सगळ्यांची काटकं झाली होती, फक्त एका कडुलिंबाला दोन पानं होती. चन्नबसप्पा रोज त्याच्या बुडाशी टमरेल रिकामं करत आणि माघारी फिरत.

पण गावाला डोळे असतात. रोज, इतक्या घाईनं, इतक्या लांब, आणि येताना घामाघूम! वर कण्हतातही म्हणे, शिव शिव करत! भुजंगानं जुलाबावर म्हणून डाळिंबाची साल वाळवून पाठवली. सोनारानं बेलाचा मुरंबा दिला. रस्त्याकडेला शेळ्या राखणाऱ्या कोंडाबाईनं हापशावर सगळ्यांच्या देखत नीलम्माला विचारलं, "बाई गं, किती दिसापासून सुटून राहिलंय त्यांचं?" नीलम्मानं घागर उचलली आणि खाली मान घालून घर गाठलं. नवऱ्याला फक्त एवढंच म्हणाली, "मुरंबा चांगलाय." पण तिला ते लागलं होतं, आणि चन्नबसप्पांना ते दिसलं.

वैशाखात एक जीप आली. झाडं मोजायला आलेले साहेब पारावर बसले आणि म्हणाले, "सगळ्या रस्त्यावर एकच लिंब हिरवा आहे. चांगला वाढलाय. पाणी कोण घालतं?"

"ते झाड?" कोंडाबाई म्हणाली. "ते अप्पाच्या टमरेलावर वाढलंय, साहेब. म्या रोज बघते."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. भुजंग हळूच म्हणाला, "तरीच म्हणलं, खत कुठलं!" आणि सगळा पार हसून लोटपोट झाला.

पाराच्या कडेला बसलेले चन्नबसप्पा उठून उभे राहिले. चारचौघांत आपलं हसू झालं याचं त्यांना फारसं काही नव्हतं, पण हापशावरून मान खाली घालून आलेली नीलम्मा त्यांना आठवली. त्यांनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, अर्धा तास, चहा, टमरेल, सगळं.

भुजंगाचं तोंड उतरलं. "अन् आम्ही येड्यावानी साली वाळवून राहिलो! आधी का न्हाई सांगितलं, अप्पा?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतं?"

भुजंगानं प्रामाणिकपणे विचार केला. "बसवून च्या पाजला असता."

दुसऱ्या दिवशी चन्नबसप्पा पुन्हा रिकाम्या हातानं निघाले. भुजंग दारातच होता. "या, ब..." एवढं बोलला आणि त्यानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं खूण केली, चला चला. सोनारानंही तसंच केलं.

वेशीपाशी मागून बांगड्यांचा आवाज आला. नीलम्मा होती, हातात घासलेला तांब्या. "झाडाला कोण घालील?" म्हणाली आणि चार पावलं मागून चालू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "डाक्टर म्हणला होता, बोलता आलं पायजे. इतके दिवस तुम्ही कुणासंग बोलत होते?"

चन्नबसप्पांना हे कधी सुचलंच नव्हतं. काय बोलावं म्हणून त्यांनी बरेच दिवस मनात असलेलं विचारलं. "दुपारी तू पडद्याआडून बघतीस. च्या विचारायला येतीस अन् न विचारता जातीस. काय असतं ते?"

"कापड फाडल्याचा आवाज लई वेळ आला न्हाई, की येते," नीलम्मा म्हणाली. "छाती हालून राहिली का बघते. हालली की जाते."

चन्नबसप्पांनी बोलायला तोंड उघडलं, पण गाणं राहू द्या, साधा शब्द फुटेना. नीलम्मा मागून म्हणाली, "लई जोरात चालून राहिले. हळू चला की." ते हळू झाले, तशी ती बरोबरीनं आली. झाडापर्यंत दोघं शेजारी शेजारी चालली.

त्या दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. दुष्काळात कापड कोण घेतो? चन्नबसप्पा लोडाला टेकले होते, ते उठले. स्टूल ओढून वर चढले आणि वरच्या फळीवरचा धुळकट तागा खाली काढला. त्याला कात्री लावली आणि एक पट्टी फाडली. टर्र. जरा वेळानं दुसरी.

आत भांड्यांचा आवाज चालू होता. पडदा हलला नाही.